शतावरीच्या पोटातला दोरा

वैद्यीण कोणत्याही वस्तूचं नाव आधी सांगू द्यायची नाही. तिच्यासमोर पान धरा, शेंग धरा, नाहीतर डब्यातली भाजी धरा, तिचा हात पुढे यायचाच. "थांबा काका, मले पाहू द्या," म्हणायची. तिचं पाहणं म्हणजे बोटांनी उलटंपालटं करणं, नखाने जरासं खरवडणं, नाकाशी नेणं आणि वाटलंच तर एखादा कोपरा दाताखाली धरणं. डोळ्यांनी तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळायचा. तरी ती 'पाहू द्या'च म्हणायची. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात तिच्याइतकं नीट पाहणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही, आणि त्यात सहा पीएच.डी. झालेले होते.

मी त्या विभागात प्रयोगशाळा सहायक होतो. यवतमाळातल्या एका कॉलेजात. कोणत्या ते सांगत नाही. ते नाव घेतलं की अजून तोंडाची चव जाते. आमच्या घरात आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, काका कोर्टात. साहेब जे म्हणेल त्याला 'हो' म्हणायचं, हे आम्हाला पाळण्यातच शिकवलेलं. मुलं मला काका म्हणायची. विभागप्रमुख सर मला काही म्हणत नसत, नुसती बोटं वाजवत.

'वैद्यीण' हे नाव हॉस्टेलच्या मुलींनी चिडवायला ठेवलं होतं. ती फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरची, बंजाऱ्यांची मुलगी. तिची आई झाडपाल्याची जाणकार, म्हणून वैद्यीण. एका मुलीचं पोट दुखायला लागलं तेव्हा बाकीच्या हसत हसत तिला हिच्याकडे घेऊन आल्या, की दे काहीतरी मुळी. हिने मुळी दिली नाही. काय खाल्लं, कधीपासून दुखतं, कुठे दाबलं की जास्त दुखतं, सगळं विचारलं आणि म्हणाली, "ह्या पोरीले आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. हे माह्या हातचं काम नाही." अपेंडिक्स निघालं, ऑपरेशन झालं. त्यानंतर नाव तेच राहिलं, पण चिडवणं गेलं.

आईला ती याडी म्हणायची. बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. याडीच्या गोष्टी सांगताना तिचा चेहरा खुलायचा. याडीची शिकवायची एक रीत होती. लेकरू समोर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि मग हातात मुळी द्यायची. "डोये लवकर फसते काका," वैद्यीण सांगायची. "याडी म्हणे, पयले हाताले वळखू दे, मंग नाव इचार." तिला लहानपणी दिसायचं, पण कमी, बारावी होईपर्यंत तेही गेलं. तोवर याडीने तिला इतकं काही डोळे मिटून शिकवलं होतं की झाडांच्या बाबतीत तिचं फारसं काही गेलंच नाही. याडीचा दुसरा एक नियमही ती सांगायची. ज्याने जाणूनबुजून झाडाचं खोटं नाव सांगितलं, त्याला याडी पुन्हा एकाही झाडाचं नाव सांगत नसे. सख्खा भाऊ असला तरी नाही. कारण खोट्या नावाने माणूस मरू शकतं, असं तिचं म्हणणं होतं.

प्रवेशाच्या दिवशी सर तिला म्हणाले होते, "बेटा, तू बी.ए. घे. मराठी घे. आंधळ्या मुलांना कविता छान जमतात." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती म्हणाली, "सर, मले कविता नाही येत. मले झाडं येते." तिला पदवी हवी होती, त्यापुढे एम.एस्सी. हवी होती, आणि मग याडीला जे येतं ते सगळं याडीच्या नावानिशी पुस्तकात लिहायचं होतं. तांड्यावर कोणाला तरी लिहिता आलं पाहिजे, नाहीतर याडीबरोबर सगळं जाईल, हे तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. कायदा तिच्या बाजूने होता म्हणून प्रवेश मिळाला. मनाने कोणी दिला नाही.

कॉलेजने तिच्यासाठी काय केलं तेही सांगतो. तपासणीची समिती येणार होती. मग बैठक झाली, ठराव झाला आणि दारापाशी रॅम्प बांधला. वैद्यिणीचे पाय धडधाकट होते, पायऱ्या ती माझ्यापेक्षा भराभर चढायची. अडचण डोळ्यांची होती, आणि कॉलेजने रॅम्प बांधला! समितीच्या स्वागताला त्या रॅम्पवर दोन्ही बाजूंनी कुंड्या मांडल्या, म्हणजे चाकाची खुर्ची असलेला कोणी आला असता तरी त्याला वर जाता आलं नसतं. ग्रंथालयाबाहेर ब्रेलमधली पाटी लावली, आणि धूळ बसू नये म्हणून तिला काचेची फ्रेम केली. वैद्यिणीने त्या पाटीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "काका, हे कायची खिडकी हाये?" मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मला हसू आलं नाही. समितीने त्या पाटीशेजारी तिला उभं करून फोटो काढला, तो अजून कॉलेजच्या माहितीपत्रकात आहे, आणि तो पाहिला की मला शिसारी येते.

सरांचा एक प्रकल्प होता, आदिवासी आणि भटक्या समाजांच्या वनौषधी ज्ञानाचा. ज्ञान म्हणताना सर दोन्ही हात छातीशी नेत. वैद्यिणीमुळे त्यांना तांड्याची वाट सापडली. गाडी काढली, सर, दोन प्राध्यापक, वैद्यीण आणि बॅगा उचलायला मी. याडीने आम्हाला खाटेवर बसवलं, चहा दिला. सरांनी शतावरी दाखवा म्हटलं तेव्हा ती वैद्यिणीला आपल्या बोलीत काही म्हणाली. वैद्यिणीने सांगितलं, "याडी आज सांजच्याला त्या येलाले आवतण देईन. कोनासाठी पाह्यजे, कायले पाह्यजे थे सांगीन. उद्या सकायी एका अंगानं खांदून देईन." ही त्यांची रीत होती. न सांगता उपटायचं नाही, सगळं घ्यायचं नाही, खड्डा बुजवायचा.

सरांना संध्याकाळपर्यंत थांबायचं नव्हतं. ते मोठ्याने हसले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "काढ रे ते." ड्रायव्हरने फावड्याने आख्खा वेल मुळासकट उपटला. याडी उठली, घरात गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. खड्डा तसाच उघडा होता. मी तो बुजवू शकलो असतो, फावडं माझ्या हाताशीच होतं. सर गाडीत बसले होते म्हणून मीही बसलो.

परतीच्या वाटेवर सरांनी वैद्यिणीला पुढे बसवलं, मोबाइल तिच्या तोंडाशी धरला आणि विचारायला लागले. महागाव गेलं, आर्णी गेली, तरी विचारणं संपेना. कोणत्या झाडाची साल, कोणत्या महिन्यात, किती वाळवायची. "तुझं एम.एस्सी. माझ्याकडेच, बरं का," असं मधूनमधून म्हणत. ती बिचारी सांगत गेली. सरांचं पुस्तक निघालं तेव्हा मी शेवटचं पान आधी उघडलं. आभारांत कुलगुरू होते, सरांच्या पत्नी होत्या, ड्रायव्हरही होता. याडी आणि वैद्यीण मिळून एक ओळ होती : 'तांड्यावरील काही स्थानिक माहितगार.' मी ती ओळ वैद्यिणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "नाव लिहाले किती जागा लागते काका?"

अडचण सूक्ष्मदर्शकाची होती. त्यात ती पाहणार कशी? मग मी घरून बायकोला मळायला लावलेली कणीक डब्यात घालून आणायचो. तिची चकती थापायची आणि खोडातल्या रसवाहिन्यांच्या जुड्या म्हणून त्यावर ज्वारीचे दाणे खोचायचे. मक्याच्या खोडाचा छेद असेल तर दाणे चकतीभर विखुरलेले, सूर्यफुलाच्या खोडाचा असेल तर कडेने गोल मांडलेले. ती बोटाने चाचपून म्हणायची, "हा सांडलेला, म्हंजे एकदल. हा मांडलेला, द्विदल." एकदाही चुकली नाही. पुढे ती स्वतःच चकत्या करायला लागली, मोहरी, मसूर, काय काय वापरून, आणि डोळस मुलंही त्या चाचपायला येऊ लागली. तिच्या शेजारी स्टुलावर बसून ते पाहताना मला नोकरीत पहिल्यांदा वाटलं की आपण शिकवतो आहोत. सरांनी एक दिवस ते पाहिलं. "हे विज्ञान आहे की स्वयंपाकघर?" म्हणाले आणि चकती उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी तो डबा नंतर रिकामा केला.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा आली. छेद कापून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवण्याच्या प्रश्नाला तिला शून्य मिळणार हे ठरलेलं होतं, कणकेची चकती परीक्षेत चालत नाही. म्हणजे सगळी भिस्त नमुने ओळखण्यावर. टेबलावर लेबलं झाकलेल्या बरण्यांत दहा नमुने मांडलेले असतात, एकेक पाहायचा आणि नाव सांगायचं. बाकीच्या मुलांनी बरणीला हात लावायचा नाही असा नियम. हिला हात लावू द्यायचा असं सरांनी उदार मनाने जाहीर केलं, आणि तेवढ्यासाठी वर्तमानपत्रवाल्याला बोलावून घेतलं.

तिने नमुने पाहायला सुरुवात केली. बेहडा, बिब्बा, रिठा, सगळे बरोबर. बाहेरून आलेले परीक्षक माना डोलवत होते. चौथ्या बरणीतली वाळलेली मुळी तिने हातात घेतली, वाकवली, नखाने कापली, आणि म्हणाली, "शतावरी." परीक्षकांनी कागदावर पाहिलं. तिथे सफेद मुसळी लिहिलं होतं. सातव्या बरणीतल्या मुळीला ती म्हणाली, "ही मुसळी." तिथे शतावरी लिहिलं होतं.

"नीट पाहा," परीक्षक म्हणाले.

"पाह्यलं सर. शतावरीच्या पोटात दोरा राह्यते. मुसळीच्या पोटात काही नाही राहत, थे कट्टकन मोडते. ही पाहा ना."

परीक्षक घुटमळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो, नमुने बरोबर आहेत ना?"

त्या क्षणी मला आठवलं. खूप वर्षांपूर्वी प्रयोगशाळेची रंगरंगोटी झाली तेव्हा सगळ्या बरण्या मी हौदावर नेऊन धुतल्या होत्या. लेबलं सुटून पाण्यात तरंगत होती. वाळवून ती परत चिकटवताना या दोन बरण्यांपाशी मी अडखळलो होतो, आणि कोणाला विचारायला नको म्हणून अंदाजाने चिकटवून टाकली होती. तेव्हापासून दरवर्षी मुलं चौथ्या बरणीला मुसळी म्हणत आली, सर म्हणत आले, परीक्षक म्हणत आले. बरणीत काय आहे हे कोणी पाहिलंच नव्हतं, सगळे लेबल वाचत होते.

सर बाजूलाच उभे होते. त्यांनी बोटं वाजवली. मी म्हणालो, "हो सर. बरोबर आहेत."

वैद्यिणीने मान वळवली, आवाजाच्या दिशेने. हातातली मुळी तिने अलगद बरणीत ठेवली आणि झाकण लावलं. त्या दोन नमुन्यांनी ती नापास झाली.

निकालाच्या दिवशी मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. उमरखेडची गाडी लागायची होती. मला वाटत होतं आपण काहीतरी मदत करतो आहोत, म्हणून मी म्हणालो, "बेटा, पुढच्या परीक्षेला तू चौथ्या बरणीला मुसळी म्हण. सातवीला शतावरी. बरण्या त्याच असतात. पास होशील, कोण विचारतं?"

ती म्हणाली, "तुमाले मालूम होतं ना काका?"

मी तिची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुमी हो म्हनलं तवा तुमचा आवाज सुकल्यावानी कोल्डा पडला. तवाच समजलं मले." मग म्हणाली, "मी शतावरीले मुसळी नाही म्हननार. डिग्रीसाठी बी नाही. याडीले काय सांगू मंग?" गाडी लागली. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, तिच्यात हात घालून एक डबा काढला आणि मला दिला. माझाच डबा होता, कणकेचा. धुऊन, पुसून.

त्यानंतर आठ दिवसांनी मी सरांच्या खोलीत फाइल द्यायला गेलो तर टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर दोन्ही बरण्यांतल्या मुळ्या मोडून ठेवलेल्या. एकीतून दोरा लोंबत होता. सरांनी मान वर केली आणि म्हणाले, "लेबलं बदलून टाका. गाजावाजा नको."

"सर, मग त्या पोरीचे मार्क?"

"निकाल लागलाय. आता विद्यापीठाला काय कळवायचं? इतकी वर्षं आम्ही सगळे आंधळे होतो असं?"

हे बोलताना त्यांना काही वाटलं नाही. मी लेबलं बदलली. पुढच्या वर्षी सरांनी परिसंवादात निबंध वाचला, संग्रहातल्या नमुन्यांची शास्त्रीय पुनर्तपासणी यावर. पडद्यावर शतावरीचा दोरा हा एवढा मोठा करून दाखवला. "ही बाब माझ्या सूक्ष्म निरीक्षणातून पुढे आली," म्हणाले. टाळ्या पडल्या. मी मागे उभा राहून चहाचे कप मोजत होतो. मला त्या माणसाची किळस आली. पण खरं सांगायचं तर त्याने निदान मुळी मोडून पाहिली होती. मी तर न मोडताच जाणत होतो. वैद्यिणीला एक फोन करून लेबलं बदलल्याचं कळवायला मला काय झालं होतं? ते कळवलं असतं तर लेबलं मुळात चुकली कशी हेही सांगावं लागलं असतं. म्हणून मी निवृत्त होईपर्यंत थांबलो. पेन्शनचे कागद हातात पडले, आणि मग माझं धैर्य जागं झालं. असल्या धैर्याला काय म्हणावं ते वाचकांनीच ठरवावं.

तांड्यावर गेलो तेव्हा याडी नव्हती. आदल्या वर्षीच गेली होती. वैद्यीण अंगणात बसली होती, भोवती तांड्यावरची पाच-सहा लेकरं, सगळ्यांचे डोळे मिटलेले, हातात काही ना काही. माझी चाहूल लागताच ती म्हणाली, "या काका. फार दिस लावले." मी सगळं सांगितलं. हौद, लेबलं, परीक्षा, सर, परिसंवाद. शेवटी म्हणालो, "मला माफ कर."

"माफीचं मी काय करू? मले कागद पाह्यजे. तुमच्या सहीचा."

मी तिथेच खाटेवर बसून विद्यापीठाला अर्ज लिहिला. तिने तो तीन वेळा मोठ्याने वाचायला लावला. 'माझ्याकडून अनवधानाने चुकीचे उत्तर दिले गेले' असं मी लिहिलं होतं. तिने हात वर केला. "लेबलं लावतानी चूक झाली थे बरोबर हाये. पन परीक्षेत तुमी चूक नाही केली काका. खोटं बोलले. थे लिहा." तिन्ही पिढ्या कचेरीत घालवलेल्या घराण्यात असं वाक्य कोणी सहीनिशी लिहिलं नव्हतं. मी ते खोडलं आणि ती म्हणाली तसं लिहिलं.

निघताना तिने आत जाऊन एक वाळलेली मुळी आणली. "डोये मिटा." मी मिटले. मुळी माझ्या तळहातावर ठेवली. लांब, सुरकुतलेली, हलकी. मी म्हणालो, "नाव काय हिचं?" लेकरं खुदखुदली, कारण खोटं बोलणाऱ्याला नाव सांगायचं नाही हा याडीचा नियम त्यांनाही माहीत होता.

"याडी असती तं तुमाले कधीच नाही सांगतलं असतं," वैद्यीण म्हणाली. "मी एक सवलत देईन. त्या कागदाचं उत्तर येऊ द्या. मंग सांगीन."

अर्ज मी रजिस्टर पोस्टाने पाठवला. चार महिन्यांनी विद्यापीठाचं पत्र आलं, की प्रकरण संबंधित विभागप्रमुखांच्या अभिप्रायासाठी पाठवण्यात आलं आहे. म्हणजे त्याच सरांकडे! मी दुसरा अर्ज केला, तिसरा केला, आता दर पंधरा दिवसांनी स्वतः विद्यापीठात जाऊन बाकावर बसतो. तिथले कारकून मला ओळखतात. पूर्वी मी साहेबाला हो म्हणायचो, तसलेच तेही, आणि माझ्याकडे पाहून त्यांना कंटाळा येतो. येऊ दे.

मुळी माझ्या टेबलावर आहे. तिला चिठ्ठी लावलेली नाही. मोडून पाहिली तर पोटात दोरा आहे की नाही हे एका क्षणात कळेल, आणि माझी तर दोरा असल्याची खात्रीच आहे. बायको म्हणते, मोडा एकदाची आणि टाका. पण नाव मला वैद्यिणीकडूनच ऐकायचं आहे. मी ती मोडत नाही.